सुगमतेचे निकष आणि भाषेचा प्रश्न
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील अध्येत्यांच्या संदर्भात)

१

ऑनलाइन पाठ्यसामग्रीविषयी मराठीत जे लेखन होते त्यात 'उपलब्ध' आणि 'सुगम' हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः ह्या दोहोंत मोठे अंतर आहे. पाठ इंटरनेटवर ठेवला की तो उपलब्ध होतो. परंतु ज्याला तो शिकावयाचा आहे त्याच्या इंद्रियांना, त्याच्या हातांना आणि त्याच्या भाषेला तो पेलेल, तेव्हाच तो सुगम झाला असे म्हणता येईल. ह्यांपैकी इंद्रिये आणि हात ह्यांचा विचार सुगमतेच्या प्रचलित निकषांनी पुष्कळच बारकाईने केलेला आहे. भाषेचा विचार मात्र त्यांनी जेथे सुरू व्हावयास हवा तेथेच थांबविला आहे. ही उणीव कोठे आहे, ती मराठी व सिंधी पाठ्यसामग्रीत कोणत्या रूपाने प्रकट होते आणि तिचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी कल्याणच्या पुढील कर्जत मार्गावरची उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन नगरे निवडली आहेत. ह्या निवडीस कारण आहे. उल्हासनगर हे मूळचे दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी तळाचे ठिकाण. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत तेथे झाली व ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला आजचे नाव मिळाले. 'कॅम्प' ह्या शब्दाने व क्रमांकाने आपला भाग सांगण्याची रीत तेथे अजूनही आहे. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत ह्यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील कामगारांची वस्ती झाली. बदलापुरात मुंबईस नित्य ये-जा करणारा मराठी नोकरदार वर्ग आहे, भोवतालच्या गावांत आगरी बोलणारी कुटुंबे आहेत आणि डोंगराच्या बाजूस कातकरी व ठाकूर समाजाचे पाडे आहेत. म्हणजे लोकलच्या अर्ध्या तासाच्या आतल्या प्रवासात सिंधी, हिंदी, प्रमाण मराठी, आगरी व कातकरी अशा भिन्न भाषा-बोलींचे अध्येते एकाच अभ्यासक्रमाला सामोरे जाताना दिसतात. 'विविध अध्येते' ही संज्ञा शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत अमूर्त वाटते; येथे ती एका वर्गाच्या हजेरीपटावर वाचता येते.

२

प्रथम निकषांची स्थिती पाहू. वेबवरील मजकुराच्या सुगमतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत त्यांची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या सुधारित आवृत्त्या २०१८ व २०२३ मध्ये निघाल्या. मजकूर जाणवला पाहिजे, चालविता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि निरनिराळ्या साधनांवर टिकला पाहिजे, अशी चार मूलतत्त्वे त्यांत सांगितलेली आहेत. प्रत्येक तत्त्वाखाली तपासता येण्याजोगे निकष असून त्यांच्या 'ए', 'डबल ए' व 'ट्रिपल ए' अशा तीन पायऱ्या कल्पिल्या आहेत. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचना 'डबल ए' ही पायरी गृहीत धरतात. जून २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठीच्या ई-सामग्रीविषयी जी तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांचा पायाही उपरोक्त चार तत्त्वांचाच आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्याच्या निकालात असा निर्णय दिला की, सुगमतेचे नियम केवळ शिफारसवजा ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत असून त्यांतील अनिवार्य भाग बंधनकारक केला पाहिजे. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हे जीविताच्या मूलभूत हक्काचेच अंग असल्याचे न्यायालयाने मानले.

ही वाटचाल स्वागतार्ह आहे ह्यात शंका नाही. तथापि नियम बंधनकारक होणे म्हणजे त्यांच्या मर्यादाही बंधनकारक होणे होय. म्हणून त्या मर्यादा आताच तपासणे अगत्याचे आहे.

मजकूर 'समजला पाहिजे' ह्या तत्त्वाखाली वाचनीयतेचे सहा निकष आहेत. पहिला निकष असा की, पानाची भाषा कोणती हे संगणकास कळेल अशी खूण असावी. तो 'ए' पायरीवर आहे. दुसरा असा की, मजकुराचा एखादा भाग अन्य भाषेत असल्यास त्याचीही खूण असावी. तो 'डबल ए' पायरीवर आहे. उरलेले चार निकष अपरिचित शब्द, संक्षेप, वाचनाची पातळी आणि उच्चार ह्यांविषयीचे आहेत, आणि ते चारही 'ट्रिपल ए' पायरीवर आहेत. ही सर्वांत वरची पायरी संपूर्ण संकेतस्थळांना सरसकट लागू करू नये, असे खुद्द तत्त्वकर्त्यांचेच सांगणे आहे. ह्याचा अर्थ उघड आहे. भाषेचे नाव सांगणे अनिवार्य, परंतु भाषेचा विचार करणे ऐच्छिक, अशी ही विभागणी आहे. 'हे पान मराठीत आहे' एवढी चिठ्ठी लावली की सर्वसाधारण तपासणीपुरते भाषाविषयक कर्तव्य पुरे होते.

सर्वसाधारण संकेतस्थळाच्या बाबतीत ही विभागणी एकवेळ चालून जाईल. रेल्वेचे वेळापत्रक किंवा वीजबिल ह्यांत भाषा हे साधन असते. पाठ्यसामग्रीत मात्र भाषा हे साधन तर असतेच, पण पुष्कळदा तीच शिकण्याची वस्तू असते. जो निकष वेळापत्रकास पुरतो तो पाठास पुरेल असे गृहीत धरणे, हा ह्या सर्व व्यवस्थेतील मूळ दोष होय.

३

हा दोष अंध अध्येत्याच्या बाबतीत कसा प्रत्ययास येतो ते पाहू. अंध विद्यार्थी पडद्यावरील मजकूर स्क्रीन रीडरच्या साह्याने ऐकतो. २००६ साली दोघा अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी आरंभिलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो व मराठी मजकूरही वाचू शकतो. परंतु 'वाचू शकतो' ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ तपासावा लागतो.

मराठीत च, ज व झ ही अक्षरे दोन दोन ध्वनींची वाहक आहेत. 'चार' ह्या संख्येतील च तालव्य आहे, तर गुरांच्या 'चारा'तील च दंततालव्य. 'त्याची जात' आणि 'तो जात आहे' ह्या दोन शब्दप्रयोगांत लेखन एकच, उच्चार मात्र भिन्न. 'जगात' ह्या नामरूपातील ज आणि 'जगतात' ह्या क्रियारूपातील ज ह्यांचीही तीच गोष्ट. डोळस मराठी वाचक हा भेद लेखनावरून ओळखत नाही, तो भाषेच्या ज्ञानावरून जाणतो. यंत्राजवळ ते ज्ञान उच्चारकोशाच्या किंवा व्याकरणविश्लेषणाच्या रूपाने घातलेले नसेल, तर ते दोहोंपैकी एक ध्वनी सर्वत्र योजील आणि विद्यार्थ्याला 'चारा'चा उच्चार 'चार'सारखा ऐकू येईल.

येथे असा युक्तिवाद शक्य आहे की, संदर्भावरून अर्थ कळतो, तेव्हा हानी कोणती? 'ट्रिपल ए' पायरीवरील उच्चारविषयक निकषाची भूमिकाही नेमकी हीच आहे: उच्चार ठाऊक नसल्याने अर्थ संदिग्ध होत असेल तरच सोय करावी, असे तो म्हणतो. म्हणजे हा निकष उद्या अनिवार्य केला तरी वरील उदाहरणे त्याच्या कक्षेत क्वचितच येतील, कारण वाक्यात 'जात' शब्दाचा अर्थ बहुधा संदिग्ध नसतो. परंतु मातृभाषा मराठी असलेल्या अंध मुलाची अडचण आणि मातृभाषा सिंधी किंवा हिंदी असलेल्या अंध मुलाची अडचण ह्या दोन वेगळ्या आहेत. पहिले मूल यंत्राची चूक मनात दुरुस्त करून घेते. दुसरे मूल ती चूकच मराठी म्हणून शिकते. २०२० साली झालेल्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्यामुळे उल्हासनगरातील सिंधी घरातल्या किंवा अंबरनाथातील हिंदी भाषक कामगाराच्या घरातल्या मुलास हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

दुसरा मुद्दा लेखनाचा. कानाने वाचणाऱ्यास शब्दाचे रूप दिसत नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' ह्या जोड्या ऐकताना जवळजवळ एकरूप होतात. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकत्रित ब्रेल लिपी निश्चित झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बोटांना कळेल अशी व्यवस्था झाली होती. केवळ ध्वनीवर विसंबणाऱ्या सामग्रीत ही व्यवस्था नाहीशी होते. शुद्धलेखनाचा पाठ जर 'ऐका व लिहा' एवढ्यावरच संपत असेल, तर अंध विद्यार्थ्यापुरता तो पाठ नसून निव्वळ अंदाज बांधण्याचा खेळ ठरतो. शब्द अक्षरशः उलगडून सांगण्याची आणि ब्रेल उपकरणावर तो उमटविण्याची सोय हे अशा पाठाचे अलंकरण नव्हे, ते त्याचे शरीरच होय.

तिसरा मुद्दा जुन्या फॉन्टांचा. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीची पुष्कळ मराठी टिपणे अशा फॉन्टांत तयार झाली की, ज्यांत पडद्यावर मराठी दिसते पण आत रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. स्क्रीन रीडर आतले संकेत वाचतो. त्यामुळे त्यास अर्थहीन अक्षरांखेरीज काही सापडत नाही. पानाचे छायाचित्र काढून बनविलेल्या पीडीएफमध्ये तर तेवढेही सापडत नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमाला व अंक ह्यांचे प्रमाणीकरण केले. तरीही जुन्या टिपणांचे पुनर्लेखन आपोआप होत नाही. ते कोणीतरी बसून करावे लागते, आणि महाविद्यालयीन विभागांत ह्या कामास श्रेय नसल्याने ते मागे पडते.

सिंधीच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड आहे. सिंधीची फारसी-अरबी वळणाची लिपी १८५३ मध्ये निश्चित झाली. तीत ५२ अक्षरे आहेत. फाळणीनंतर भारतात देवनागरीचा पुरस्कार झाला, लिपीविषयी मोठा वाद माजला, आणि शेवटी दोन्ही लिपी चालू राहिल्या. १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. सिंधीतील चार अंतःस्फोटक व्यंजनांसाठी देवनागरीत ॻ, ॼ, ॾ व ॿ ही अक्षरे लागतात. युनिकोडमध्ये त्यांना स्वतंत्र स्थान मिळाले ते २००६ साली. म्हणजे घटनात्मक मान्यतेनंतर जवळजवळ चाळीस वर्षे देवनागरी सिंधी संगणकावर नीट लिहिण्याची सर्वमान्य सोय नव्हती. एकाच घरात आजोबा एक लिपी वाचतात व नातू दुसरी, किंवा नातू दोन्ही न वाचता हिंदी-इंग्रजीच वाचतो, ही स्थिती त्या घरापुरती व्यक्तिगत असली तरी तिची कारणे अशी ऐतिहासिक आहेत. अशा वाचकवर्गासाठी 'भाषा : सिंधी' एवढी खूण अपुरी पडते. लिपी कोणती हेही सांगावे लागते, आणि फारसी-अरबी लिपी उजवीकडून डावीकडे वाहत असल्याने 'पुढे'चे बटण, जोड्या लावण्याचे स्तंभ व प्रगती दाखविणारी रेषा ह्या सर्वांची दिशा उलटवावी लागते. केवळ मजकूर भाषांतरित करून चौकट तशीच ठेवली, तर वाचक अक्षरे एका दिशेने व पाठ दुसऱ्या दिशेने वाचू लागतो.

४

आता परस्परसंवादी अंगाकडे वळू. ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. पुस्तकाच्या पानावरून थेट दृक्‌श्राव्य पाठाकडे जाण्याची ही कल्पना चांगली आहे. तथापि सपाट कागदावर छापलेला कोड बोटांना लागत नाही. तो कोठे आहे हे डोळ्यांनीच शोधावे लागते. दार उघडे आहे, परंतु ते कोठे आहे हे ज्यास दिसते त्यालाच ते उघडे आहे. उंचवट्याची कडा किंवा पानाच्या ठराविक कोपऱ्यातील स्थान अशा साध्या योजनेने ही अडचण पुष्कळ कमी होऊ शकेल.

करोनाच्या साथीत, २० जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविण्यात आली. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता तेथेही ती पोहोचू शकली, हे तिचे श्रेय. पण दूरचित्रवाणी उत्तर ऐकून घेत नाही. ऑनलाइन सामग्रीचा विशेष हा की, ती विद्यार्थ्यास विचारते आणि त्याच्या उत्तरास प्रतिसाद देते. म्हणूनच तिची परीक्षा तिच्या चित्रांवरून किंवा रंगांवरून न करता तिच्या प्रतिसादावरून केली पाहिजे.

रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, शब्द ओढून योग्य जागी सोडा, हे अशा सामग्रीतील नेहमीचे प्रकार. नॉर्वेमध्ये तयार झालेल्या एचफाइव्हपीसारख्या मुक्त साधनांमुळे ते कोणाही शिक्षकास रचता येतात. ह्यांपैकी ओढण्याचा प्रकार हाताला कंप असलेल्या किंवा एका बोटाने फोन चालविणाऱ्या मुलास जड जातो. त्यास पर्याय असावा हा निकष २०२३ च्या आवृत्तीत प्रथमच आला. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत कळफलकाने काम करता यावे एवढाच आग्रह होता. आणि फोनवर शिकणाऱ्या मुलाजवळ स्वतंत्र कळफलक असतोच कोठे?

रिकाम्या जागा भरण्याचा प्रकार त्या मानाने सोपा समजला जातो. भाषेच्या दृष्टीने तोच सर्वांत फसवा आहे. अशा साधनांत उत्तराची तुलना सामान्यतः अक्षरशः होते, आणि ग्राह्य पर्याय कर्त्याने आधी लिहून ठेवावे लागतात. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र लिहिण्याच्या युनिकोडमध्ये दोन रीती आहेत: एकीत 'ऱ' ह्या अक्षरास हलन्त जोडतात, दुसरीत 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह योजतात. पडद्यावर दोन्ही रूपे एकच दिसतात. 'ॲ' हे अक्षरही स्वतंत्र संकेताने किंवा 'अ'वर अर्धचंद्र चढवून, अशा दोन प्रकारे उमटते, आणि युनिकोडची स्वतःची प्रमाणीकरणपद्धती ह्या दोन रूपांना एक मानीत नाही. विद्यार्थ्याच्या फोनमधील कळफलक एक रीत योजतो, पाठकर्त्याच्या संगणकाने दुसरी योजलेली असते. परिणामी अगदी अचूक उत्तर 'चूक' ठरते. डोळस विद्यार्थी निदान पडद्याकडे पाहून यंत्रावर संशय घेतो. अंध विद्यार्थ्यास, अथवा मराठी नव्याने शिकणाऱ्यास, संशय घ्यावयाचा तो स्वतःवरच. '१२' आणि रोमन अंकांतील बारा ह्यांची तुलना करतानाही हाच घोटाळा संभवतो.

चुकीच्या उत्तरास दिलेला प्रतिसाद हा आणखी महत्त्वाचा विषय आहे. 'ते पुस्तक' ह्याऐवजी एक विद्यार्थी 'ती पुस्तक' लिहितो, दुसरा 'तो पुस्तक' लिहितो. दोघांनाही 'पुन्हा प्रयत्न करा' एवढेच सांगितले जाते. परंतु हिंदीत 'पुस्तक' स्त्रीलिंगी आहे आणि सिंधीत 'किताबु' पुल्लिंगी. ह्या दोन्ही भाषांत नपुंसकलिंग नाही. म्हणजे दोघांच्या चुका भिन्न असून दोन्हींना आपापले तर्कशास्त्र आहे. बदलापूरच्या एखाद्या आगरी भाषक मुलाने 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिले, तर तेही अज्ञान नसून त्याच्या बोलीचा नियम आहे. तिच्यात 'ण'च्या जागी 'न' येतो. अशा वेळी 'तुझ्या बोलीत असे म्हणतात, प्रमाण लेखनात असे लिहितात' हा प्रतिसाद आणि नुसती तांबडी फुली ह्यांत जो फरक आहे तोच शिक्षक आणि यंत्र ह्यांतील फरक होय. चांगल्या शिक्षकाने वर्गात नेहमीच केलेली ही गोष्ट पाठात आधीच लिहून ठेवणे ऑनलाइन सामग्रीत शक्य असते. ती लिहिली जात नाही, कारण पाठकर्त्यास चुकांचा अभ्यास करण्यास कोणी सांगितलेले नसते आणि निकषांतही तशी मागणी नाही.

५

बधिर अध्येत्यांच्या बाबतीत बहुतेक सर्व सामग्री उपशीर्षकांवर समाधान मानते. उपशीर्षके आवश्यक आहेत; ती पुरेशी आहेत हे मानणे चूक. भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीचे हस्तरूप नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. जन्मतः बधिर असलेल्या मुलास लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, आणि 'घराच्या', 'घराला', 'घरातून' ह्यांसारखी सामान्यरूपे व प्रत्यय त्याने कानाने कधीच गोळा केलेले नसतात. २०१५ साली दिल्लीत सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली व ६ ऑक्टोबर २०२० रोजी तिने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेशी पाठ्यपुस्तकांच्या रूपांतरासाठी करार केला. ह्या उपक्रमाचा लाभ मराठी माध्यमाच्या मुलास पुरता मिळावयाचा असेल तर सांकेतिक भाषा व लिखित मराठी ह्यांची सांगड घालणारे व्याकरण लागेल. असे व्याकरण रचणे हे चित्रीकरण करणाऱ्याचे काम नव्हे, भाषाशास्त्रज्ञाचे आहे.

आणखी एका वर्गाचा विचार निकषांच्या रचनेतच बसत नाही. बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. तेथे अनेक अंध कुटुंबे राहतात, आणि त्यांतील पुष्कळजण लोकलगाड्यांत किरकोळ वस्तू विकून चरितार्थ चालवितात. १७ एप्रिल २०२१ रोजी त्या स्थानकात अंध मातेबरोबर चालणारे मूल रुळांवर पडले व एका पॉइंट्समनने धावत जाऊन ते वाचविले. त्या वेळी ह्या वस्तीकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. पुढे ते विसरले गेले. पाठ्यसामग्रीच्या दृष्टीने ह्या वस्तीने उपस्थित केलेला प्रश्न असा: मूल डोळस, पण त्याचा अभ्यास घेणारी आई अंध असेल, तर सुगमता कोणाच्या दृष्टीने ठरवावयाची? प्रचलित विचारात विद्यार्थी दिव्यांग नसेल तर सुगम आवृत्तीची गरजच उरत नाही. पण प्राथमिक इयत्तांत पाठ हा मुलाचा आणि पालकाचा मिळून असतो. सुगम आवृत्ती 'मागणीनुसार' पुरविण्याची पद्धत येथे निरुपयोगी ठरते, कारण मागणी नोंदविण्याच्या रकान्यात त्या आईला जागाच नाही. मूळ पाठच सर्वांस सुगम असला पाहिजे, ह्या तत्त्वाचे ह्याहून सबळ समर्थन क्वचितच मिळेल.

६

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला व्यवहाराचा. भाषाविषयक निकष वरच्या पायरीवर ठेवण्यात तत्त्वकर्त्यांचा हेतू दुर्लक्षाचा नव्हता. रंगांतील तफावत साडेचारास एक ह्या प्रमाणात आहे की नाही हे यंत्राने मोजता येते. मजकूर समजण्याजोगा आहे की नाही हे मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते बंधनकारक कसे करावयाचे? हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु वर दिलेल्या उदाहरणांपैकी बहुतेक तपासण्याजोगी आहेत. 'दऱ्या'ची दोन्ही संकेतरूपे साधन एक मानते की नाही, ह्याचे उत्तर होय किंवा नाही असेच येते. लिपीची खूण आहे की नाही, अंकांची दोन्ही रूपे ग्राह्य आहेत की नाही, उच्चारकोश जोडला आहे की नाही, ह्यांचेही तसेच. उच्चारकोश लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तर २००८ सालापासून सिद्ध आहे. उणीव आहे ती मराठीसाठी तो भरण्याची.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येईल. वाणीनिर्मितीची साधने झपाट्याने सुधारत आहेत; आज जे यंत्र 'चारा' चुकीचा उच्चारते ते उद्या बरोबर उच्चारील; मग हा खटाटोप कशाला? यंत्रे सुधारतील हे खरे. परंतु ती कोणत्या मजकुराच्या आधारावर सुधारतील हा प्रश्न उरतोच. प्रमाण मराठीचा लेखनसंग्रह मोठा आहे, देवनागरी सिंधीचा त्या मानाने अल्प आहे, आगरी व कातकरीचा त्याहूनही अल्प. यंत्रावर सर्व भार टाकला तर ज्या भाषेस आधीच आधार आहे तिलाच अधिक आधार मिळेल. शिवाय शाळेतील मुलाची इयत्ता यंत्राच्या सुधारणेसाठी थांबत नाही. आज पाचवीत असलेल्या मुलास हा पाठ आजच हवा आहे.

'सार्वत्रिक अध्ययनरचना' ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या विचाराविषयीही येथे एक शब्द लिहावयास हवा. आशयाची मांडणी, कृती व सहभाग ह्यांचे अनेक मार्ग खुले ठेवावेत, हा त्याचा गाभा योग्यच आहे. मात्र त्याचा अर्थ एकच पाठ लेखी, ध्वनी व चित्रफीत अशा तीन रूपांत ठेवणे एवढाच केला जातो, तेव्हा मूळ पाठातील भाषिक अडथळा तीन वेळा छापला जातो. दुर्बोध वाक्य मोठ्याने वाचल्याने सुबोध होत नाही.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. सुगमता हा पाठ तयार झाल्यावर चढवावयाचा मुलामा नसून पाठाच्या लेखनाचाच गुण आहे. प्रचलित निकष आवश्यक आहेत, पण ते भाषेच्या उंबरठ्यावर थांबतात. पाठ्यसामग्रीपुरता तरी त्यांना भाषाविषयक पुरवणी जोडली पाहिजे, आणि ती मराठी, सिंधी व स्थानिक बोली ह्यांच्या प्रत्यक्ष स्वरूपावरून रचली पाहिजे. बंधनकारक नियमांचे स्वरूप निश्चित होत असताना ही पुरवणी मांडली गेली तर तिचा उपयोग. ते एकदा घट्ट झाल्यावर 'डबल ए' हाच सुगमतेचा पूर्णविराम समजला जाईल.

ह्या पुरवणीची सामग्री तयार करण्यास मोठा निधी किंवा नवी संस्था लागत नाही. च, ज, झ असलेल्या नित्याच्या शब्दांचा खुला उच्चारकोश, समान दिसणाऱ्या संकेतरूपांचा तक्ता, हिंदी, सिंधी व आगरी भाषक विद्यार्थ्यांच्या मराठीतील चुकांची सकारण नोंद, आणि चित्रांचे वर्णन मराठीत कसे लिहावे ह्याचे नमुने, ही चार कामे पदव्युत्तर प्रबंधिकांची विषय म्हणून सहज देता येतील. त्यांपैकी तिसऱ्या कामाचे क्षेत्र विठ्ठलवाडी आणि बदलापूर ह्यांच्या दरम्यान आहे. भाषाशास्त्राचे विभाग आजवर बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी दूरच्या गावांकडे जात आले. ते योग्यच होते. परंतु त्याच बोलींची मुले आता लोकलच्या एका डब्यात, हातातल्या फोनवर, एकच पाठ उघडून बसलेली असतात, आणि त्यांतील प्रत्येकास तो पाठ निराळ्या ठिकाणी अडतो. तो कोठे अडतो हे सांगू शकणारे शास्त्र उपलब्ध असताना त्याचा उपयोग न करणे, हे त्या शास्त्राच्याच दृष्टीने समर्थनीय ठरणार नाही.